टांकसाळीतील चूक की नंतर झालेली इजा? नाण्याच्या धातूवरून कसे ओळखावे

घरातील सुट्या पैशांच्या डब्यात आपल्याला तीन नाणी सापडली आणि ती टांकसाळीतील चुकीमुळे अशी झाली की वापरात बिघडली, असे आपण विचारले आहे. २ रुपयांच्या स्टीलच्या नाण्याची कड एका ठिकाणी चंद्रकोरीएवढी खाल्ल्यासारखी दिसते. १ रुपयाच्या नाण्यावरील सनाचे शेवटचे दोन आकडे दुहेरी दिसतात. १० रुपयांच्या नाण्यातील मधली पांढरी चकती बाहेरच्या पिवळ्या कड्यात फिरलेली असून तिच्यावरील सिंहमुद्रा तिरकी झाली आहे. शेजाऱ्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवून प्रत्येक नाण्याचे लाखभर रुपये येतील असे सांगितले, असेही आपण लिहिले आहे. गेली तीसेक वर्षे मी नाणी जमवतो आणि इतरांची तपासून देतो. आपल्या वर्णनावरून माझे मत असे आहे की दहाच्या नाण्याला इजा झाली आहे, एकच्या नाण्यावरील दुहेरीपणा बहुधा किरकोळ जातीचा आहे, आणि दोनचे नाणे मात्र निगुतीने तपासण्याजोगे आहे. या मताची कारणे सविस्तर देतो, कारण ती कळली की पुढची नाणी आपली आपल्यालाच तपासता येतील.

नाणे हातात घेतल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या ठिकाणचा धातू केव्हा हलला? ठसा उमटण्यापूर्वी, ठसा उमटताना, की ठसा उमटल्यानंतर? पहिल्या दोन वेळी हलला असेल तर ती टांकसाळीची चूक होय. तिसऱ्या वेळी हलला असेल तर ती इजा होय, मग ती रस्त्यावर झालेली असो, तिजोरीत झालेली असो किंवा कोणी मुद्दाम केलेली असो. उत्तर धातूतच असते, फक्त ते वाचण्यासाठी नाणे कसे तयार होते हे डोळ्यांसमोर असावे लागते. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत आणि चारही ठिकाणी कामाचा मूळ क्रम सारखाच आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लाने धुतात आणि एका यंत्रातून घरंगळत नेऊन त्यांची किनार थोडी उचलून घेतात. अशी कोरी चकती मग कॉलर नावाच्या घट्ट कड्यात बसते आणि वरचा व खालचा असे दोन ठसे तिला एकाच वेळी दाबतात. त्या क्षणी घन धातूही वाहतो, ठशातील खोलगट जागांत शिरतो, कड्यापर्यंत पसरतो आणि तिथे अडतो. बाहेर पडते ते नाणे.

हे वाहणे समजण्यासाठी मोदकाचा साचा आठवावा. साच्यात उकड एका बाजूला कमी पडली तर त्या बाजूच्या कळ्या पुसट येतात, उतरत जातात, साच्याच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत. याउलट व्यवस्थित निघालेल्या मोदकाचा नंतर कोणी तुकडा तोडला, तर तुटलेल्या जागेच्या अगदी काठापर्यंत कळ्या ठसठशीत असतात. टांकसाळीची चूक आणि नंतरची इजा यांतील भेद बहुतेक वेळा एवढाच असतो.

आता दहाचे नाणे. याबाबत शंकेला जागा नाही. २७ मिलिमीटर व्यासाच्या या नाण्यात कडे आणि मधली चकती हे दोन वेगळे तुकडे असले तरी नक्षी दोन्हींवर एकाच दाबात उमटते, कारण एका बाजूचा पूर्ण ठसा, म्हणजे मधली सिंहमुद्रा आणि कड्यावरील ‘भारत’ व ‘इंडिया’ ही अक्षरे, एकाच पोलादी तुकड्यावर असतो. चकती कड्यात कशीही फिरवून बसवली तरी तिच्यावर तोवर काहीच छापलेले नसते. त्यामुळे मधली नक्षी कड्यावरील नक्षीच्या मानाने तिरकी किंवा उलटी येणे टांकसाळीत घडूच शकत नाही. ती तिरकी दिसते याचा अर्थ चकती नंतर सैल झाली आणि फिरली, किंवा कोणी ठोकून बाहेर काढली आणि पुन्हा बसवली. भिंगाखाली जोडाच्या रेषेवर बारीक ओरखडे आणि चकतीच्या काठावर दबलेला धातू दिसेल. खरी चूक वेगळी दिसते. त्यात मधल्या चकतीचे वर्तुळच एका बाजूला सरकलेले असते, पांढरा धातू पिवळ्या कड्यावर चढलेला असतो, पण नक्षी दोन्ही धातूंवरून सलग, न तुटता जाते. भोक तसेच राहिलेली, चकती नसलेली कडीही विकायला येतात. चकतीविना ठसा पडला असेल तर धातू आतल्या पोकळीकडे वाहून भोकाचा काठ बेढब, आत ओघळल्यासारखा होतो. ठसा पडल्यावर चकती निसटली असेल तर भोकाच्या भिंतीवर ती बसल्याची स्वच्छ खूण शिल्लक राहते. याच नाण्याबद्दल आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो: काहींवर १५ किरण असतात तर रुपयाचे चिन्ह आल्यानंतरच्या नाण्यांवर १० असतात, हा आराखड्यातील बदल आहे. दुकानदार ही नाणी नाकारू लागले तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये १० रुपयांच्या नाण्याचे १४ आराखडे चलनात असून ते सर्व वैध आहेत असे जाहीर केले होते.

दोन रुपयांच्या नाण्यावर अधिक थांबतो, कारण हा प्रकार खरा निघाला तर देखणा असतो आणि खोटा करायलाही सोपा असतो. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणीचा पंच आधीच पडलेल्या भोकावर अंशतः येतो आणि त्या चकतीला चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा कमी पडतो. म्हणजे ही उणीव ठसा उमटण्यापूर्वीची आहे आणि नाण्यावर तिच्या तीन साक्षी राहायला हव्यात.

पहिली साक्ष वक्रतेची. ज्या पंचाने शेजारचे भोक पाडले त्याच मापाच्या पंचाने ही चकती कापली गेली, म्हणून खाल्लेल्या भागाची गोलाई नाण्याच्या स्वतःच्या गोलाईशी जवळजवळ जुळते. त्याच प्रकारचे दुसरे नाणे त्या खाचेत आडवे ठेवून पाहावे. ते चपखल बसल्यासारखे वाटले तर पुढे जावे. खाच त्रिकोणी, फारच लहान गोलाईची किंवा वेडीवाकडी असेल तर कानस, ग्राइंडर किंवा पक्कड यांचा संशय धरावा. पट्टीच्या टोकाशी कापलेल्या चकतीची कड सरळही येऊ शकते, त्यामुळे सरळ काप सरसकट खोटा मानू नये, पण तिथे पुढच्या दोन साक्षी अधिक कडकपणे तपासाव्यात.

दुसरी साक्ष समोरच्या किनारीची, आणि मला सर्वांत विश्वासाची वाटते ती हीच. चकतीची किनार उचलणाऱ्या यंत्रात ती चकती दोन बाजूंनी दाबली जाऊन घरंगळते. खाच एका बाजूला आली की तिथे दाबायला धातूच नसतो, म्हणून नेमक्या समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली किनार उचललीच जात नाही. ठसा पडल्यावरही खाचेच्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, किनार पुसट, सपाट किंवा जवळजवळ नाहीशी राहते. नाणेशास्त्रात याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. प्रत्येक खऱ्या नाण्यावर तो सारखाच ठळक नसतो, आणि खाच फार लहान असेल तर तो शोधावा लागतो. पण घरी कानस मारणाऱ्याला खाचेच्या समोरची किनार अशी मवाळ करायचे सहसा सुचत नाही, आणि सुचलेच तर किनार घासल्याच्या रेषा तिथे उरतात.

तिसरी साक्ष खाचेजवळच्या अक्षरांची. चकतीत धातू कमी असल्याने दाब बसताना तो खाचेच्या दिशेने पसरतो. परिणामी खाचेजवळील अक्षरे आणि किनार काठाकडे जाताना निमुळती, पुसट, किंचित ओढल्यासारखी होतात. इजेत तसे होत नाही. अक्षराचा अर्धा भाग पूर्ण उठावात असतो आणि मग एकदम संपतो, मोदकाचा तुकडा तोडल्यासारखा. खाचेच्या उभ्या भिंतीकडेही पाहावे. कानशीच्या समांतर रेषा, काठावर हाताला लागणारी बारीक धार आणि बाकी नाणे मळकट असताना फक्त तिथेच चमकणारा ताजा धातू ही इजेची ठळक लक्षणे आहेत.

वजन शेवटी करावे. २०११ च्या मालिकेतील २ रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे. खाच असेल तर वजन त्या प्रमाणात कमी भरणारच, खरे असो वा खोटे, म्हणून केवळ वजन कमी भरले याने काही सिद्ध होत नाही. मात्र उलट बाजूने वजन उपयोगी पडते: नाणे नुसते ठोकून वाकडे केले असेल आणि धातू गेलेला नसेल, तर वजन पुरे भरते.

इथे वजनाविषयी एक विषयांतर करतो, कारण ‘हलके नाणे सापडले’ असे सांगणारी निम्मी पत्रे याच गोंधळातून येतात. आपल्या १ रुपयाचे वजन एक नाही. १९६२ ते १९७४ पर्यंतचा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा होता. १९७५ पासूनचा ताम्र-निकेलचा ८ ग्रॅमचा, १९८३ पासूनचा ६ ग्रॅमचा, १९९२ पासूनचा स्टीलचा ४.८५ ग्रॅमचा, २०११ च्या मालिकेतला ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९ ग्रॅमचा. म्हणजे १९९२ चा रुपया आणि २०११ चे दोन रुपयांचे नाणे वजनाने, व्यासाने आणि धातूनेही सारखे आहेत. पाच रुपयांचेही तसेच: सुरुवातीचे जाड ताम्र-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे, २००७ च्या सुमारास निघालेले पांढरे स्टीलचे ६ ग्रॅमचे, आणि नंतरचे पिवळे निकेल-पितळेचेही ६ ग्रॅमचेच. पांढरा पाच पाहून चुकीच्या धातूवर ठसा पडला असे समजणारे लोक मला वर्षातून दोन-तीनदा तरी भेटतात. अशा वेळी लोहचुंबक लावावे. स्टीलचे नाणे चिकटते. ताम्र-निकेल आणि निकेल-पितळ चिकटत नाहीत. जुना शुद्ध निकेलचा रुपया मात्र चिकटतो. तुलना नेहमी त्याच सनाच्या, त्याच मालिकेच्या चांगल्या नाण्याशी करावी, आठवणीतल्या नाण्याशी नव्हे.

आता एकच्या नाण्यावरील दुहेरी आकडे. इथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात आणि त्यांतील एकच मोलाची असते. ठसा कोरला जात नाही, तर उठावाच्या एका मूळ साच्याने मऊ पोलादात दाबून तयार केला जातो. पूर्वी हा दाब एकाहून अधिक वेळा द्यावा लागे. दुसऱ्या वेळी साचा केसभर फिरला तर ठशातच आकडे दुहेरी उतरतात. अशा ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, त्याच दिशेने येतो. भिंगाखाली दोन्ही आकडे गोलसर उठावाचे, पुऱ्या उंचीचे दिसतात, रेषांच्या टोकांना खाचा पडलेल्या असतात आणि आकडा एकंदर जाड झालेला असतो. हा खरा दुहेरी ठसा होय आणि संग्राहक त्याच्यासाठी जास्त मोजतात.

दुसरा प्रकार यंत्रातील सैलपणाचा. ठसा पुरता घट्ट बसलेला नसला तर दाब दिल्यानंतर मागे जाताना तो किंचित घसरतो आणि नुकत्याच उठलेल्या आकड्याची एक बाजू खरवडून सपाट करतो. आकड्याच्या कडेला एक बसकी, चकचकीत पायरी दिसते. जणू आकड्याच्या बाजूला बुटका ओटा बांधला आहे. लक्षात ठेवण्यासारखी खूण ही की इथे मूळ आकडा जाड न होता उलट बारीक होतो, कारण पायरीसाठी लागलेला धातू त्याच्यातूनच गेलेला असतो. हे घडते टांकसाळीतच, म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर याला इजा म्हणता येणार नाही. परंतु ते एकेका नाण्यापुरते असते, झपाट्याने चालणाऱ्या यंत्रांवर वारंवार घडते, आणि त्याला बाजारात जवळजवळ काहीच भाव नसतो. सनाचे फक्त शेवटचे दोन आकडे दुहेरी, आणि तेही एकाच दिशेला, असे आपले वर्णन वाचून मला याच प्रकाराची शंका येते. तिसरा प्रकार केवळ घासटण्याचा. नाणे कठीण वस्तूवरून ओढले गेले की उठावाचा धातू एका बाजूला लोळतो. त्यात आकड्याचा माथाच मोडलेला असतो आणि आजूबाजूच्या सपाट भागावरही त्याच दिशेचे ओरखडे सापडतात.

उठाव आणि खोलगटपणा यांबाबत एक नियम सांगतो, जो पुष्कळ नाण्यांचा निकाल उभ्या उभ्या लावतो. ठशाला तडा गेला की नाण्याचा धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर तडा उठावाच्या रेषेसारखा दिसतो, वेडावाकडा, नदीच्या नकाशासारखा, आणि अक्षरांच्या वरूनही जातो. नाण्याला ओरखडा पडला तर तो खोल असतो आणि दोन्ही काठांवर उपसलेल्या धातूचा बारीक बांध असतो. बोटाचे नख अलगद फिरवले तरी कळते. ठशाचा किनारीजवळचा तुकडाच उडाला असेल तर नाण्यावर तिथे नक्षीविना फुगीर ढेकूळ येते आणि तिच्या मागच्या बाजूची नक्षीही पुसट होते, कारण तिथला धातू पुढच्या पोकळीत गेलेला असतो. मागची बाजू साक्ष देत नसेल तर ते ढेकूळ कथिलाच्या थेंबाचे आहे का, हे पाहावे. डाक लावलेली नाणी आपल्याकडे खूप आहेत. चांदीच्या जुन्या रुपयांना कडी डाकून ते गळ्यातल्या माळेत ओवले जात, आणि कडी काढून टाकल्यावर वरच्या कडेला राहिलेला डाग आज कोणीतरी ‘टांकसाळीतील जादा धातू’ म्हणून विकत असतो. त्याच रुपयांवर सराफांनी पारखताना मारलेले बारीक छापही असतात. इतिहास म्हणून ते मला आवडतात, पण ती इजाच आहे.

पुसलेले आकडे आणि टांकसाळीची चिन्हे यांवरही बरीच फसगत होते. ठशात ग्रीस व धातूचा चुरा साठला तर एखादे अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. तिथला पृष्ठभाग मात्र आजूबाजूसारखाच, सलग पोताचा राहतो. खरवडून काढलेल्या अक्षराच्या जागी तिरप्या उजेडात खळगा आणि रेषा दिसतात. सनाखालचा तारा खरवडून ‘चिन्ह नसलेले दुर्मीळ नाणे’ बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसते की कोलकात्याच्या नाण्यांवर मुळातच चिन्ह नसते. तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि हिरा, म्हणजे चौकट, मुंबईचा. १९९० च्या दशकात काही नाणी परदेशी टांकसाळींतूनही पाडून घेतली गेली, त्यामुळे सनाखाली अनोळखी अक्षरे दिसली म्हणून ती चूक ठरत नाही.

ठसा केंद्रापासून सरकलेली नाणी अनेकांना हवी असतात. खऱ्या नाण्यात एका बाजूला कोऱ्या धातूची चंद्रकोर राहते आणि दुसऱ्या बाजूची नक्षी नाण्याच्या बाहेर जाऊन कापली जाते, दोन्ही बाजूंना जुळेल अशा रीतीने. कॉलरचे कडे जागेवर नसताना ठसा पडला तर धातू मोकळा पसरतो, व्यास वाढतो आणि कड गुळगुळीत राहते, पण वजन पुरे असते आणि मधली नक्षी नेहमीच्याच मापाची असते. आमच्या लहानपणी नाणे रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटे करण्याचा खेळ होता. तसली नाणीही आज ‘पसरलेला ठसा’ म्हणून दाखवली जातात. त्यांत नक्षीच ताणली जाते, सिंह एका दिशेला लांबट होतात, आणि नाणे पुरीसारखे पातळ झालेले असते. एकदा डोळ्यांखालून गेले की पुन्हा फसायला होत नाही.

एका बाजूला नक्षी उलटी आणि खोलगट, आरशात दिसावी तशी, असेही नाणे असते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप पडला की हे घडते. व्यवहारात याला ब्रॉकेज म्हणतात. याची नक्कल दोन नाणी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, समोरासमोर आवळून करतात. फरक असा की ब्रॉकेजवर त्या बाजूची मूळ नक्षी कधी उमटलेलीच नसते आणि दुसरी बाजू स्वच्छ असते. आवळलेल्या नाण्यावर मूळ उठावाची नक्षी चपटी होऊन उलट्या खुणांखाली शिल्लक असते, आणि शेगड्याच्या जबड्याला टेकलेली दुसरी बाजूही सपाट होते. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका आठवडी बाजारात असे एक नाणे त्या वेळच्या माझ्या आठवड्याच्या खर्चाएवढी रक्कम देऊन घेतले होते. घरी येऊन भिंगाखाली धरले तेव्हा उलट्या ‘५०’ च्या खालून सिंहाचे दबलेले आयाळ दिसत होते. ते नाणे मी अजून ठेवले आहे आणि नवशिक्यांना दाखवतो.

दोन्ही बाजूंना सिंह असलेले नाणे सापडले तर आधी किनारीच्या आतल्या बाजूला जोडाची गोल रेषा शोधावी. ते जवळपास नेहमी जादूगाराचे असते, दोन नाणी कातून एकमेकांत बसवलेले. लाकडावर आपटल्यास त्याचा आवाज बद्द येतो. तांब्याच्या किंवा सोन्याच्या रंगाचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटत असेल तर त्यावर मुलामा आहे. निळसर-पिवळट झाक असेल तर तो तापलेला आहे. अॅल्युमिनियमची जुनी पैशांची नाणी इतकी मऊ असतात की त्यांच्यावरील कोणत्याही खुणेकडे मी आधी इजा म्हणूनच पाहतो.

फिरलेला ठसा हा मात्र असा प्रकार आहे की ज्याची नक्कल करणे कठीण आणि जो हौशी माणसाला सहज सापडू शकतो. आपली नाणी बाजूने, पुस्तकाच्या पानासारखी उलटली की मागची नक्षी सरळ दिसायला हवी. ती पाव किंवा अर्ध्या फेऱ्याने फिरलेली असेल तर खालचा किंवा वरचा ठसा यंत्रात फिरलेला होता. थोड्या अंशांच्या फरकाकडे कोणी लक्ष देत नाही.

हे सगळे यंत्रावर, कड्यात पाडलेल्या नाण्यांना लागू आहे. आपल्याकडे कधी शिवराई आली तर हे नियम बाजूला ठेवावेत. हाताने घण मारून पाडलेल्या त्या तांब्याच्या नाण्यांत ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, कडे नसे, आणि म्हणून ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यांतील एखादे अक्षर बाहेर जाणे, ठसा तिरका बसणे, चकती ओबडधोबड असणे हेच तिचे नेहमीचे रूप आहे. केंद्र सरकलेली शिवराई ‘एरर’ म्हणून चढ्या भावात विकणारे भेटतात. उलट दोन्ही बाजूंची सगळी अक्षरे चकतीवर मावलेली शिवराई अधिक शोधली जाते.

तपासणीसाठी फार काही लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर, लोहचुंबक आणि त्याच मालिकेचे एक निर्दोष नाणे पुरते. उजेड वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. उठाव व खड्डा यांतील फरक सावलीवरून कळतो. नाणे चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून घासू नये. घासल्याने खाचेतील जुना मळ जातो आणि खाच जुनी की ताजी हे सांगणारा पुरावाच आपण धुऊन टाकतो.

लाखाच्या गोष्टीबद्दल थोडक्यात. टांकसाळीतील खऱ्या चुकांनाही त्यांच्या प्रकाराप्रमाणे, ठळकपणाप्रमाणे आणि नाण्याच्या अवस्थेप्रमाणे भाव मिळतो, आणि चालू नाण्यांवरील बहुतेक चुकांचा भाव चित्रफितींत सांगतात त्याच्या जवळपासही जात नाही. जो कोणी नाणे न पाहता मोठी रक्कम कबूल करतो आणि आधी नोंदणी शुल्क, कमिशन किंवा कर भरायला सांगतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागितले जात असल्याबद्दल आणि बँक अशा व्यवहारांत नसल्याबद्दल तिनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते.

तेव्हा दहाचे नाणे खर्चून टाकावे. दुकानदाराने घेतले नाही तर बँकेत द्यावे. एकचे नाणे भिंगाखाली पाहावे, आणि आकड्याच्या बाजूला सपाट पायरी दिसली तर तेही वापरात जाऊ द्यावे. दोनच्या नाण्याचे वजन करून, खाचेच्या बरोबर समोरच्या किनारीचे एक छायाचित्र बाजूच्या उजेडात, आणि दुसरे खाचेजवळच्या अक्षरांचे, असे दोन्ही जवळून काढून पाठवा. तोपर्यंत ते कागदी पाकिटात वेगळे ठेवा आणि कड हातात धरूनच हाताळा.